नाव लिहिलेली कॅसेट

नव्या वर्षाला पोरांच्या हातात पैशाचं पाकीट ठेवायचं, ही रीत आमच्याकडे घरोघर आहे. माझ्या घरात नाही. पाकीट दिलं की पोरगं आधी आत डोकावतं, मग आजीच्या तोंडाकडे बघतं, आणि तेवढ्यात त्याची आई "मी ठेवते हं जपून" म्हणत ते काढून घेते. मग आजीनं दिलं काय आणि पोराला मिळालं काय? माझ्याकडे हातात धरता येईल अशी वस्तू मिळते. आणि सगळ्यांना सारखी. थोरल्याच्या पोरांना एक आणि धाकट्याच्या पोरांना दुसरं, असलं काही मी चालू दिलं नाही. म्हणजे धाकट्याला पोरं नव्हतीच, पण असती तरी चालू दिलं नसतं.

यंदा डिसेंबरात थोरल्या कात्सुहिरोच्या दोन पोरांतल्या मोठ्याचा, हारुमाचा, फोन आला. अकरा वर्षांचा आहे, पण बोलतो बँकेच्या साहेबासारखा.

"आजी, व्हिडिओ गेमचं नवीन मशीन आलंय. मला आणि गाकूला मिळून एकच दे. बघ, तुझी बचत."

मी किंमत विचारली. त्यानं सांगितली. मी म्हटलं, "बाळा, एवढ्या पैशात ते मशीन सकाळी उठून माझा कोबी चिरून देतं का?"

"आजी, ते मशीन आहे."

"तेच म्हणते मी. मशीनला एवढे पैसे?"

ओसाकात सुमियोशीच्या छपराखालच्या बाजारात माझं ओकोनोमियाकीचं दुकान आहे. कोबी, पीठ, अंडं कालवायचं, तापल्या तव्यावर जाड धिरडं टाकायचं, उलटायचं, वर सॉस फासायचा. त्यावरच नवऱ्यामागे दोन मुलगे वाढवले. यंदा कोबी महाग, अंडी त्याहून महाग, आणि गिऱ्हाईक मात्र भाव वाढवला की माझ्या तोंडाकडे असं बघतं, जशी मीच कोंबडीला अंडी घालू नको म्हणून सांगून आले. तेव्हा नवीन मशीनचा विषय तिथंच संपला.

त्याच आठवड्यात दुपारी गर्दी ओसरल्यावर धाकटा नोरितो दुकानात आला. तव्यासमोर बसला. मी न विचारता त्याच्यापुढे डुकराचं मांस घातलेलं एक टाकलं. तो उलथन्यानं त्याचे चौकोन करत राहिला, खाईना. आईला एवढं कळतं.

"बोल."

"आई, यंदा तीन नातवंडं धर. कोहारूला आणतोय."

नोरितोनं वसंतात लग्न केलं होतं. बायको चिनात्सु, दवाखान्यात हिशेब बघते. तिला पहिल्या नवऱ्याची एक मुलगी, ही कोहारू, दहा वर्षांची. पहिला नवरा आजारात गेला. लग्नानंतर चिनात्सु आमच्यासारखी नाकानिशी झाली, पण पोरीचं नाव तिच्या बापाचं राहिलं, कुवाता. त्यामुळे नोरितोच्या दारावरच्या पाटीवर दोन नावं आहेत, एकाखाली एक. ती पाटी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी म्हटलं होतं, "हे घर आहे की वकिलांचं ऑफिस?" पोरगी मात्र अजून एकदाही माझ्यासमोर आलेली नव्हती. लग्नाचं जेवण हॉटेलात झालं, तेव्हाही ती तापानं घरी होती.

"आण की," मी म्हटलं. "नको कोण म्हणतंय?"

"ती म्हणतेय. नव्या वर्षाला ती वाकायामाला, चिनात्सुच्या आईकडे जाते. लहानपणापासून. मी कसंबसं तयार केलं. म्हणाली, एकदा येऊन बघते."

"बघते? माझं घर काय प्राणिसंग्रहालय आहे?"

"आई." त्यानं उलथनं खाली ठेवलं. "हसण्यावारी नेऊ नकोस. तिला इथं करमलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून आम्ही तिघंही वाकायामाला. मी तिला एकटी पाठवणार नाही आणि चिनात्सुला पोर एकीकडे आणि मी एकीकडे असं फाडणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

त्यानं ते दमात घेऊन सांगितलं नाही. म्हणून मला जास्त लागलं. नव्या वर्षाच्या सकाळी माझ्या टेबलाभोवती सगळी माझी माणसं बसलेली असतात. वर्षभर मी तव्यासमोर उभी राहते ती त्या एका सकाळसाठी, असं म्हटलं तरी चालेल. त्या टेबलावरून एक मुलगा उठून चालला होता, आणि त्याला अडवणं किंवा घालवणं एका दहा वर्षांच्या, मी न बघितलेल्या पोरीच्या हातात होतं.

"खा," मी म्हटलं. "गार झालं की पिठासारखं लागतं."

वर्षअखेरीची घरसफाई काढली तेव्हा माडीवरच्या कपाटात, हिवाळी रजयांच्या मागे, मुलांचं जुनं गेमचं मशीन सापडलं. लाल-पांढरं, दोन रिमोट वायरीनं अंगालाच जोडलेले. त्यावरून दोघांनी एकमेकांचे दात पाडले होते. जुना डबा टीव्हीही माडीवर होताच, त्याच्यावर मी कुंडी ठेवत होते. नोरितोला बोलावून लावून बघितलं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग राखाडी झालं.

"मशीन चालतंय," तो म्हणाला. "पण कॅसेट एकही नाही. आम्ही कॉलेजात असताना विकल्या सगळ्या."

"मग कॅसेटी आणते. तिघांना तीन."

"आई, जुन्या? वापरलेल्या? भेट म्हणून कुणी देतं का दुसऱ्याचं वापरलेलं?"

"कुणी देत नाही म्हणूनच स्वस्त असतील."

तो हसला, पण मनातून त्याला ते रुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. माझ्या लहानपणी मला बहिणींचे उतरलेले कपडे मिळाले आणि मी ते घातले, पण भेट म्हणून कुणी ते कागदात बांधून दिले असते तर मी तोंडावर फेकले असते.

निप्पोनबाशीला अशा जुन्या गेमांची दुकानं ओळीनं आहेत. मी एकात शिरले. काचेच्या कपाटात कॅसेटी खोक्यासकट मांडलेल्या, जशा काही सोन्याच्या बांगड्या. किमतीही तशाच. मालक चाळिशीचा, केसांची शेंडी बांधलेला.

"दादा, ह्या मारामारी करून आणल्यात का? एवढा भाव?"

"आई, ह्या कोऱ्या आहेत. खोकं, पुस्तिका, सगळं जसंच्या तसं. जमवणारे लोक घेतात."

"आणि ती टोपली?"

"ते राहू द्या. त्यावर नावं लिहिलेली आहेत."

मी एक उचलली. मागच्या बाजूला जाड काळ्या पेनानं, पोराच्या अक्षरात: तिसरी, दुसरी तुकडी, ओकुदा. दुसरीवर फक्त मोरिशिता. एकावर पत्ता, फोन आणि खाली, "न विचारता घेशील तर बघ." तेव्हा सगळीच पोरं कॅसेटीवर नाव घालायची. एकमेकांना द्यायची, आणि नाव नसेल तर ती परत येत नसे. माझ्या पोरांकडून मीच नावं घालून घेतली होती.

"चालत नाहीत का ह्या?"

"चालतात हो. सगळ्या लावून बघितल्यात. पण नाव असलं की जमवणारे हात लावत नाहीत."

"म्हणजे जिच्यावर पोर खेळलं ती स्वस्त, आणि जिला कुणी हातच लावला नाही ती महाग."

"तसंच म्हणा."

"तुला गणित कुणी शिकवलं रे?"

तो हसला. मी टोपलीशी स्टूल ओढून बसले आणि एकेक उलटून वाचायला लागले. चित्रलिपी मला हळू वाचता येते, पण ही सगळी पोरांची साधी अक्षरं. वाचता वाचता एक हातात आली, तिच्यावर लिहिलेलं होतं: नाकानिशी.

आमच्या पोरांची नव्हती. दोघांचं अक्षर मी अंधारात ओळखीन. ओसाकात नाकानिशी काही कमी नाहीत. पण मला एकदम सुचलं. दुसऱ्याची वस्तू भेट दिली तर ती उष्टी. पण तिच्यावर आपलंच नाव असेल, तर ती दुसऱ्याची कशी? ती आपल्याकडे यायचीच होती, वाटेत जरा थांबली होती, एवढंच. पोरगं उलटून बघेल, आपलं नाव दिसेल. दुकानातल्या कोऱ्या खोक्यात हे मिळेल का? आणि स्वस्त.

मी तीन नाकानिशी शोधायला बसले. कुवाताही मनात आलं. आलं नाही असं नाही. पण मी म्हटलं, पोरगी एकदाच येतेय. दारातच तिला "तू वेगळी" म्हणून दाखवायचं का? आपल्या घरात तिघं एका नावाची, एका रांगेत. तिला बरं वाटेल. असं मी ठरवलं, आणि ठरवलं की मी फेरविचार करत नाही.

दुसरी मिळाली. तिसरी काही मिळेना.

"आई, दुकान बंद करायचं आहे," मालक म्हणाला.

"मग चांगली एक तू दे. पोरीसाठी."

त्यानं टोपलीतूनच एक काढली. चित्रात दोन चिचुंद्र्या जमीन उकरत होत्या, आणि मागे लिहिलेलं होतं यामाने. "ही घ्या. दोघांनी मिळून खेळायची. फार चांगली आहे. नाव नसतं तर ह्या कपाटात असती."

"तीन घेतल्या, एक वर टाक."

"आई, ही काय भाजी आहे, कांद्याची पात टाकायला?"

शेवटी त्यानं टीव्हीला लावायची एक चांगली वायर वर दिली. गिऱ्हाइकानं मागायचं आणि दुकानदारानं रडायचं, ते झाल्यावर दोघं खूश.

घरी येऊन मी यामाने पुसलं. दुकानाच्या दारात हाताला लावायचं अल्कोहोल ठेवलंय, ते बोळ्यावर घेऊन घासलं. इतक्या वर्षांचं नाव, ते सगळं जाईना. बारकी करडी सावली राहिलीच. तिच्यावर मी जाड पेनानं ठसठशीत लिहिलं: नाकानिशी. माझं अक्षर चांगलं आहे. मी पंधराव्या वर्षी शिकोकूहून सूतगिरणीत आले, तेव्हा वसतिगृहात ताटली, चपला, रजई, सगळ्यावर नाव घालायचं असायचं. ज्यावर नाव नसेल ते आठवड्यात नाहीसं व्हायचं. ज्या मुलींना लिहिता येत नव्हतं त्यांचंही मीच लिहून द्यायची. त्यामुळे नाव लिहिणं म्हणजे काळजी घेणं, असंच माझ्या हाताला ठाऊक होतं.

तिन्ही कॅसेटी मी रंगीत कापडात बांधल्या आणि मनात म्हटलं, जमलं.

नव्या वर्षाच्या सकाळी आधी कात्सुहिरो पोरांना घेऊन आला. त्याची बायको नर्स, तिची पाळी होती. मग नोरितो, चिनात्सु आणि ती. बारीक पोरगी, केस कानाच्या खाली कापलेले. आत आली, वाकली, स्वतःच्या चपला फिरवून लावल्या आणि मग हारुमानं भिरकावलेल्या बुटांचीही जोडी लावली. "आपल्या घरी येऊन त्रास देते," म्हणाली. दहा वर्षांची पोरगी, आणि बोलणं विमा विकायला आलेल्या बाईसारखं. मला पोर असं बोललं की भीती वाटते. शेजारच्या गल्लीतल्या माणसांशीही आपण इतकं नीट बोलत नाही.

"त्रास हा हारुमा देतो," मी म्हटलं. "तू बस."

आंबवलेल्या सोयाबीनच्या पांढऱ्या मिसोच्या रश्शात मोचीचे, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे झाले, गोड काळे दाणे झाले, हेरिंग माशाची अंडी झाली. तिनं सगळं खाल्लं आणि प्रत्येक वाटीला "छान आहे" म्हणाली. गाकूनं अंडी बापाच्या वाटीत ढकलली आणि "ही रबराची आहेत" म्हणाला. मला गाकूचं बोलणं बरं वाटलं.

मग माडीवर जाऊन मी कापडी पुडकी दिली. हारुमानं सोडलं, उलटलं. "अरे! नाकानिशी लिहिलंय! आजी, ही बाबांची होती?"

"नाही. दुसऱ्या नाकानिशीची. आता तुझी."

"भारी," तो म्हणाला, आणि मला वाटलं, बघा. मग त्यानं पुढची बाजू बघितली. बघतच राहिला. "बाबा, हे काय आहे?"

कात्सुहिरोनं हातात घेतलं आणि तो असा हसायला लागला की त्याला खोकला आला. "आई! ही माहजोंगची आहे! अकरा वर्षांच्या पोराला जुगार?"

"मी नाव बघून घेतली."

"आत काय आहे ते बघितलंच नाहीस?"

"कुंडी घेताना माती चाखतोस का?" मी म्हटलं. त्याला काही अर्थ नव्हता, पण म्हटलं.

गाकूची बेसबॉलची निघाली. त्यातले सगळे खेळाडू कधीच म्हातारे झालेले. कात्सुहिरो एकेकाचं नाव वाचून आनंदानं ओरडत होता आणि गाकू त्याच्याकडे दया आल्यासारखा बघत होता. चांगली निघाली ती कोहारूची. चिचुंद्र्यांची. नोरितोनं कॅसेटीत फुंकर घातली, खोचली, आणि टीव्हीतून असं टुणटुण गाणं आलं की खाली दुकानातही वाजल्यासारखं वाटलं. एक चिचुंद्री कोहारूची, एक गाकूची. एकीनं उकरायचं, दुसरीनं वरून पडणारे दगड अडवायचे. गाकूला अडवायला जमेना. त्याची चिचुंद्री सारखी चिरडायची.

"अरे, उजवीकडे! उजवीकडे म्हणजे इकडे!" कोहारू ओरडली, आणि हसली. हात तोंडावर नेऊन, पण हसली. नोरितोनं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

हारुमा बराच वेळ माहजोंग मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी त्यानं तिच्या हातातल्या रिमोटला हात घातला. "आता मी."

"माझी पाळी संपली नाही," कोहारू म्हणाली.

"पण कॅसेट आमची आहे. मागे बघ ना. नाकानिशी लिहिलंय. आम्ही नाकानिशी. तू कुवाता."

खोलीत टुणटुण तेवढं चालू राहिलं. नोरितो उठायला लागला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, कारण तो उठला असता तर हारुमाला थोबाडीत बसली असती आणि पोरीचं काही भलं झालं नसतं.

कोहारूनं रिमोट नीट खाली ठेवला. "हो, बरोबर आहे," ती म्हणाली. "ती तुमचीच आहे. घ्या." आणि जिना उतरून खाली गेली.

मी मागोमाग उतरले तेव्हा ती दुकानाच्या बाजूला शेवटच्या पायरीवर बसली होती, कोट अंगात. आत ओट्याशी चिनात्सु वाट्या धूत होती. पोरीनं तिला विचारलं, "आई, आपली परतीची गाडी किती वाजताची आहे?" चिनात्सुचा हात नळाखाली थांबला.

मी ओट्याशी गेले. हळू विचारलं, "माझं काय चुकलं, ते सांग. गोल गोल बोलू नकोस, मला गोल बोलणं कळत नाही."

चिनात्सु ओल्या हातांनी उभी राहिली. "आई, तुमचं मन मला कळलं. तिलाही कळलं असेल. पण वसंतात मी नाव बदललं ना, तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, आता बाबांचं नाव मी एकटीच लावते. मी सोडलं तर संपलं. त्यांना भाऊ नव्हता, कुणी नाही. दारावरच्या पाटीवर ते दुसरं नाव तिनंच लावायला लावलं."

मी दोई घराण्याची. लग्न झालं त्या दिवशी दोई सोडलं आणि मागे वळून बघितलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता: मी रडणाऱ्यांतली नव्हे. पण माझ्यामागे गावात चार भाऊ होते ते नाव लावायला. आजही त्यांची पोरं लावतात. मी सोडलं म्हणजे काय सोडलं? भरल्या पिंपातून एक वाटी पाणी. हिनं सोडलं तर पिंप रिकामं. दहा वर्षांची पोरगी ते पिंप डोक्यावर घेऊन माझ्या घरात आली होती, आणि मी दारातच म्हटलं होतं, दे, मी ते ओतून टाकते, तुला हलकं वाटेल.

मी वर गेले. हारुमा एकटाच खेळत होता, त्याची चिचुंद्री चिरडत होती. मी कॅसेट उपसून काढली. पडदा राखाडी झाला.

"आजी! जिंकत होतो!"

"नव्हतास."

खाली येऊन मी पोरीशेजारी पायरीवर बसले. पायरी अरुंद आहे. मी काही बारीक नाही. तिला सरकावं लागलं. दारातल्या बाटलीतलं अल्कोहोल बोळ्यावर घेतलं आणि घासायला लागले. माझं ठसठशीत अक्षर बोळ्याला काळं लागायला लागलं.

"काय करता आहात?" तिनं विचारलं.

"दिसत नाही? पुसतेय."

"का?"

"चुकीचं लिहिलं."

ती बघत राहिली. "अक्षर छान होतं."

"अक्षर छानच असतं माझं. ते नाही चुकलं."

नाकानिशी निघालं. खाली ती करडी सावली राहिली. तिनं कॅसेट दिव्याकडे धरली. "इथं आधी कुणाचं तरी होतं."

"यामाने नावाचा कुणी पोरगा."

"त्याचंही तुम्ही पुसलंत?"

"हो."

"त्याला माहीत नसेल."

"नसेल."

"तो आता मोठा असेल. बाबांएवढा." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "हारुमा खोटं बोलला नाही. मी कुवाताच आहे."

"त्यानं खरं सांगितलं, पण ते रिमोट ओढून घ्यायला म्हणून सांगितलं. खरं बोलून चोरी करणारे मी पुष्कळ बघितलेत, दुकान चालवते मी." मग मी बोळा खाली ठेवला. "ऐक. माझ्या घरात एकच नाव चालतं असं मी आजवर म्हणत आले. आता नाही म्हणणार. तू कुवाता म्हणून वर बसायचंस, आणि कुणी काही बोललं तर ते माझ्याशी. ती कॅसेट नाव बघून तुझी झालेली नाही. मी तुला दिली म्हणून तुझी आहे. समजलं?"

तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मी एप्रनच्या खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरला. "घे. काय लिहायचं ते तू लिही. कुवाता लिही, कोहारू लिही, चिचुंद्री लिही. मी वाचणारसुद्धा नाही."

तिनं पेन घेतला. टोपण काढलं. कॅसेट मांडीवर पालथी ठेवली, आणि पेनाचं टोक त्या करड्या सावलीवर धरून बराच वेळ बसली. जिन्यावर वरच्या वळणाशी नोरितो येऊन उभा होता. त्याला वाटत होतं तो मला दिसत नाही. आत नळ बंद होता. मलाही वाटत होतं, लिहू दे बाई एकदाचं काय ते, कुवाता लिहिलं तरी लिहू दे, पण कोट काढ.

तिनं टोपण परत लावलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "हे पूर्ण जाऊ दे आधी. पुढच्या वर्षी लिहिते."

"कुठं लिहितेस? वाकायामाला?"

"कॅसेट इथंच राहणार ना? मशीन इथं आहे." मला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. "पण तोवर हारुमानं त्यावर काही लिहिलं तर?"

"तर त्याला वर्षभर माहजोंग खेळायला लावीन. माझ्याबरोबर."

"तुम्हाला येतं?"

"सूतगिरणीत माझ्याशी खेळायला कुणी बसत नव्हतं."

ती उठली, कोट काढला, खुंटी उंच होती म्हणून माझ्या हातात दिला, आणि कॅसेट घेऊन दोन दोन पायऱ्या चढत गेली. जिन्यात नोरितोला बाजूला व्हावं लागलं. वर तिचा आवाज आला, "गाकू, ये! तू नुसते दगड अडव. उजवीकडे म्हणजे इकडे!" आणि हारुमाचा, "मग माझी पाळी कधी?" आणि तिचा, "आम्ही चिरडलो की."

"आई, वर येतेस ना?" नोरितोनं जिन्यातून विचारलं. त्याचा आवाज जरा ओला होता. हा लहानपणापासून असाच.

"येते. तू हो पुढं," मी म्हटलं. "पाय आखडलाय माझा."

पाय आखडला नव्हता. त्या गार पायरीवर, पोरीचा कोट मांडीवर घेऊन, मला थोडं बसायचं होतं.